बर्फाची रोजकीर्द

उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावर आज किती बर्फ आहे, हे कोणालाही घरबसल्या कळते. उपग्रह त्याची मोजदाद करीत असतात. ढग असोत वा महिनोन्महिने चालणारी ध्रुवावरची रात्र असो, त्यांचे काम अडत नाही. कारण ते डोळ्यांनी पाहत नाहीत, तर पाणी आणि बर्फ यांच्यापासून निघणाऱ्या सूक्ष्म लहरी टिपतात. परंतु ही सोय फार जुनी नव्हे. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेचा निंबस-७ हा उपग्रह वर गेला आणि तेव्हापासूनचा सलग हिशेब आपल्यापाशी आहे. या हिशेबात सप्टेंबरचा आकडा महत्त्वाचा मानतात, कारण तिकडचा उन्हाळा संपता संपता बर्फ वर्षातला सर्वांत कमी असतो. १९८० च्या सुमारास हा आकडा ७० लक्ष चौरस किलोमीटरच्या आसपास असे. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लक्षांवर आला. सबंध भारताचे क्षेत्रफळ जवळजवळ ३३ लक्ष आहे. म्हणजे भारताहून थोडा मोठा तुकडा नाहीसा झाला आणि भारताएवढाच शिल्लक राहिला. त्यानंतर आकडा थोडा वरखाली होत राहिला, पण पूर्वीच्या पातळीच्या जवळपासही फिरकला नाही.

यावर एक शंका हमखास निघते आणि ती मुळीच टाकाऊ नाही. पूर्वीही असे झाले नसेल कशावरून? बर्फ येतो, जातो. त्याचीही काही भरती-ओहोटी असेल. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या खात्यावरून शेकडो वर्षांच्या पेढीची स्थिती कशी सांगणार? या शंकेला उत्तर द्यायचे तर मागची खाती उघडली पाहिजेत. आणि गंमत अशी की, ती खाती आहेत! ज्यांनी ती लिहिली त्यांच्या मनात मात्र बर्फाचा इतिहास लिहिण्याचा विचार कधी आलाही नसेल.

मला या विषयाची गोडी लागली ती माझ्या धंद्यामुळे. मुंबईच्या गोदीत मी पस्तीस वर्षे टॅली क्लार्क होतो. जहाजातून उतरलेला माल मोजायचा, खूण करायची, पेटी फुटलेली असेल तर तसा शेरा मारायचा आणि वर सही करायची, एवढेच काम. निवृत्त झाल्यावर भाच्याने संगणकावर ‘ओल्ड वेदर’ नावाचा एक उपक्रम दाखविला. जुन्या जहाजांच्या लॉगबुकांची छायाचित्रे त्यावर ठेवलेली होती आणि ती वाचून आकडे उतरवून देणारी माणसे हवी होती. पगार नाही, पण शिक्षणाचीही अट नाही. हा उपक्रम २०१० साली ब्रिटिश आरमाराच्या वह्यांनी सुरू झाला आणि पुढे अमेरिकन सरकारच्या आर्क्टिकमध्ये गेलेल्या जहाजांच्या वह्या त्यात आल्या. माझ्या वाट्याला आलेली पाने बहुतेक ‘बेअर’ या जहाजाची. ते १८७४ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे बांधलेले, आणि १८८६ पासून अलास्काच्या किनाऱ्यावर गस्त घालणारे.

लॉगबुक म्हणजे जहाजाची रोजकीर्द. वारा कोणत्या दिशेचा, जोर किती, वायुभारमापकाचा आकडा काय, हवा किती थंड, आकाश कसे, हे सारे आखलेल्या रकान्यांत तासातासाला भरलेले. आकाशाची स्थिती एकेका अक्षरात सांगायची. पहारा बदलला की खाली सही आणि पुढच्या ओळीपासून अक्षर निराळे. काहींचे अक्षर मोत्यासारखे, काहींचे असे की, थंडीने बोटे वाकडी झाली होती हे वाचणाऱ्यालाही जाणवावे. शेवटी शेऱ्यांची जागा. तिथे बर्फ भेटतो: अमुक वाजता उत्तरेला बर्फ दिसला, सुटे तुकडे होते, मग लाद्या दाट झाल्या, पुढे वाट नाही, जहाज वळविले. जोडीला अक्षांश-रेखांश. झाले! त्या दिवशी त्या जागी बर्फाची कड होती, याचा साक्षीदार मिळाला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या अधिकाऱ्याने केवळ वरिष्ठांची बोलणी खावी लागू नयेत म्हणून भरलेला तो रकाना असतो. पण मोजून भरलेला रकाना कधी वाया जात नाही, हे गोदीतल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

या वह्यांतली ‘जीनेट’ जहाजाची वही हाती आली म्हणजे मन स्थिर राहत नाही. १८७९ च्या जुलैत हे अमेरिकन जहाज डी लाँग या कप्तानाच्या हाताखाली सान फ्रान्सिस्कोहून ध्रुवाकडे निघाले. सप्टेंबरात बर्फाने त्याला वेढले आणि ते पुन्हा कधी मोकळे झाले नाही. जवळजवळ एकवीस महिने ते बर्फाबरोबर वाहत होते आणि त्या काळात खलाशी हवामानाच्या नोंदी करीत होते. जून १८८१ मध्ये बर्फाने जहाज चिरडले. तेहतीस माणसे होड्या आणि सामान बर्फावरून ओढत सैबेरियाकडे निघाली. अंगावरचे ओझे कमी करायची वेळ आली तरी त्यांनी वह्या टाकल्या नाहीत. लीना नदीच्या मुखाशी उतरल्यावर त्या एका जागी ठेवून डी लाँग पुढे गेला. तो आणि त्याचे बहुतेक सोबती उपासमारीने आणि थंडीने गेले. एक होडी समुद्रातच नाहीशी झाली. तेहतिसांपैकी तेरा वाचले. त्यांच्यातल्या मेलव्हिल या इंजिनिअरने परत जाऊन त्या वह्या शोधून काढल्या. आर्क्टिकच्या एका कोपऱ्यातल्या १८८० सालच्या हवेचा तासातासाचा हिशेब आज आपल्यापाशी आहे तो असा.

याच जहाजाच्या काही चीजा १८८४ साली ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ एका बर्फाच्या लादीवर सापडल्या. सैबेरियाच्या बाजूला बुडालेल्या जहाजाच्या वस्तू ग्रीनलंडला कशा? म्हणजे बर्फ ध्रुवसमुद्र ओलांडून वाहतो! हे नॉर्वेच्या नान्सेनने ताडले आणि ‘फ्राम’ हे जहाज १८९३ साली मुद्दाम बर्फात अडकवून घेतले. १८९६ साली ते पलीकडे सुखरूप बाहेर पडले. बर्फ स्थिर जमीन नसून वाहता प्रवाह आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

सरकारी जहाजांपेक्षाही जास्त नोंदी देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या. थॉमस रॉईस हा कप्तान १८४८ साली बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून उत्तरेस गेला, त्याला तिथे लठ्ठ चर्बीचे देवमासे विपुल आढळले, आणि पुढच्या वर्षापासून न्यू इंग्लंडची जहाजे तिकडे धावू लागली. हे मासे बर्फाच्या कडेला राहतात. सबब शिकारीही कडेलाच, आणि त्यांच्या वह्यांत कड कुठे होती याची रोजची खबर.

ही कड किती दगलबाज, ते १८७१ साली दिसले. त्या ऑगस्टात अलास्काच्या वायव्य किनाऱ्याजवळ जहाजांचा तांडा किनारा आणि बर्फ यांच्यामधल्या पाण्याच्या पट्टीत शिकार करीत होता. एरवी वारा फिरला की बर्फ बाहेर ढकलला जाई. स्थानिक इन्युपिआत लोकांनी यंदा लक्षण बरे नाही असे बजावलेही होते. वारा पश्चिमेचा झाला, टिकला, आणि बर्फाने तेहतीस जहाजे किनाऱ्याशी कोंडली. काही चिरडून गेली. १४ सप्टेंबरला कप्तानांनी जहाजे सोडून देण्याचे ठरविले. एकूण १२१९ माणसे, त्यांत कप्तानांच्या बायका आणि मुलेही, छोट्या होड्यांतून दक्षिणेला निघाली. मोकळ्या पाण्यात सात जहाजे थांबली होती. त्यांनी एवढ्या माणसांना जागा व्हावी म्हणून आपले कमाईचे तेल समुद्रात ओतून दिले आणि सर्वांना होनोलुलूला पोहोचविले. एकही माणूस दगावला नाही. इतिहासकाराला ही शौर्यकथा. बर्फ मोजणाऱ्याला त्या सप्टेंबरातल्या बर्फाच्या रेषेवरचे तेहतीस पक्के बिंदू.

परंतु कागद आहे म्हणून तो खरा, असे मानण्याची घाई करू नये. शिकारी जिथे जाई तिथलेच सांगे. जिथे मासा नाही तिथे वही नाही. हिवाळ्यात तर सगळा अंधारच. आणि जिथे जहाज पोहोचूच शकले नाही, तिथे बर्फ होता की कप्तानाची हिंमत नव्हती, हे कागद सांगत नाही.

ही पारख करण्याची कला मराठी वाचकाला परकी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना हाच धडा दिला. बखर कितीही रसाळ असो, अस्सल कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही. आइसलंडच्या बर्फाच्या इतिहासात नेमके हेच घडले. त्या बेटाच्या किनाऱ्याला ग्रीनलंडकडून वाहत आलेला बर्फ लागला की उन्हाळा थंड जाई, गवत उगवत नसे, गुरे मरत आणि मागोमाग माणसे. साहजिकच तिकडच्या धर्मगुरूंनी, अधिकाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी बर्फ कधी आला आणि कधी गेला हे शतकानुशतके लिहून ठेवले. बेटाचे नावही फ्लोकी नावाच्या एका जुन्या दर्यावर्दीने बर्फाने भरलेली खाडी पाहून ठेवले, असे तिथल्या वसाहतीच्या ग्रंथात सांगितले आहे. थोरोडसेन या विद्वानाने विसाव्या शतकाच्या आरंभी हजार वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या आणि १९६९ साली बेर्गथोरसन यांनी त्यांवरून हजार वर्षांचे तपमान काढून दाखविले. मोठे काम, पण पाया कच्चा निघाला. कित्येक नोंदी एकाने दुसऱ्याच्या पाहून उतरलेल्या, काही घटनेनंतर शंभर वर्षांनी लिहिलेल्या. अॅस्ट्रिड ओगिल्वी या संशोधिकेने प्रत्येक लेखक कोण, तो कुठे होता, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, याची छाननी केली आणि बखरी बाजूला काढून अस्सल तेवढे ठेवले. त्यातून दिसले ते असे की, थंडीचा काळ म्हणजे सलग बर्फ नव्हे. वाईट दशकांच्या मध्ये चांगली दशकेही होती.

दुसरा एक कागद तर वादातल्या दोन्ही पक्षांचा लाडका आहे. विल्यम स्कोर्सबी हा इंग्रज देवमासे-शिकारी अभ्यासू गृहस्थ होता. १८१७ साली त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना कळविले की, ग्रीनलंडच्या पूर्वेकडच्या समुद्रात ७४ ते ८० अक्षांशांच्या दरम्यान कित्येक हजार चौरस मैलांचा बर्फ दोन वर्षांत नाहीसा झाला आहे. लंडनमध्ये खळबळ उडाली आणि १८१८ मध्ये आरमाराने ध्रुवाकडे जहाजे धाडली. आजही कोणी हे पत्र काढून विचारतो: त्या वेळी कुठे होते कारखान्यांचे धूर? प्रश्न बरोबर, पण वाचन अपुरे. स्कोर्सबी एका समुद्राची साक्ष देतो. तो समुद्र म्हणजे बर्फ बाहेर पडण्याचा दरवाजा. वाऱ्याने दरवाजा झाडून निघाला म्हणजे सगळे घर रिकामे झाले असे होत नाही. त्याच १८१८ साली निघालेल्या जहाजांना बर्फानेच परत फिरविले.

म्हणून खरी गरज होती ती सगळे कोपरे एकाच वेळी पाहण्याची. डेन्मार्कच्या हवामान खात्याने १८९३ पासून १९५६ पर्यंत उन्हाळ्याच्या महिन्यांचे बर्फाचे नकाशे काढले. या नकाशांची एक गोष्ट मला फार आवडते. जिथे कोणी प्रत्यक्ष बर्फ पाहिला, तिथे लाल शाईची खूण. बाकी भाग अंदाजाने. पाहिलेले कोणते आणि मानलेले कोणते, हे त्यांनी झाकून ठेवले नाही. असे कारकून आम्हाला गोदीत मिळते, तर निम्मे दावे झालेच नसते! रशियाच्या बाजूला १९३३ पासून सोव्हिएत नकाशे आहेत. त्या सुमारास तिकडचा बर्फ बराच हटला होता. १९३२ साली ‘सिबिर्‍याकोव्ह’ हे जहाज उत्तरेचा सागरी मार्ग एकाच हंगामात पार करून गेले. पण लगेच १९३४ च्या फेब्रुवारीत ‘चेल्युस्किन’ चिरडून बुडाले आणि बर्फावर उतरलेल्या १०४ माणसांना विमानांनी आणावे लागले.

अलास्काचे जॉन वॉल्श, कोलोरॅडोतील हिम-बर्फ माहिती केंद्रातील फ्लॉरेन्स फेटरर आणि त्यांचे सहकारी यांनी हे सगळे कागद एका पटावर मांडले. शिकाऱ्यांच्या वह्या, डॅनिश लाल खुणा, सोव्हिएत नकाशे, न्यूफाउंडलंडच्या नोंदी, अलास्कातल्या एका चिकाट्या गृहस्थाने वर्षानुवर्षे काढलेले नकाशे, आणि शेवटी उपग्रह. १८५० पासून महिन्यामहिन्याचा हिशेब. जिथे कागदच नाही, तिथे शेजारच्या भागात तशीच स्थिती असलेली इतर वर्षे शोधून पोकळी भरली, आणि कुठे भरली तेही नोंदविले. २०१७ साली हे काम प्रसिद्ध झाले. १९३० ते १९५० च्या दरम्यानची ओहोटी त्यात स्पष्ट दिसते. पण ती विशेषतः एका बाजूची होती, आणि तिच्या तळाचा आकडाही अलीकडच्या आकड्यांपेक्षा बराच वर आहे. १८५० नंतरच्या कोणत्याही वर्षी सप्टेंबरचा बर्फ या शतकातल्याइतका आटलेला दिसत नाही, आणि इतक्या वेगाने हटलेलाही दिसत नाही.

बरे, १८५० च्या आधीचे काय? माणसाची वही संपते तिथे निसर्गाची सुरू होते. बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटून राहणाऱ्या काही सूक्ष्म शैवालांत एक विशिष्ट तैलद्रव्य तयार होते. बर्फ वितळला की ते तळाच्या गाळात जाऊन बसते आणि हजारो वर्षे टिकते. इंग्लंडमधील प्लिमथचे सायमन बेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ते ओळखले. गाळाच्या ज्या थरात ते सापडते, त्या काळी वर हंगामी बर्फ होता. दुसरी एक समुद्रवनस्पती खडकावर चुन्याचे कवच चढविते, झाडाच्या वलयासारखा वर्षाला एक थर. वर बर्फ असला तर खाली ऊन पोहोचत नाही आणि थर पातळ पडतो. तिच्यावरून सुमारे साडेसहाशे वर्षांचा हिशेब २०१३ साली मांडला गेला. अलीकडच्या थरांत बर्फाची घट त्या सबंध अवधीत सर्वांत ठळक आहे.

माझा सर्वांत आवडता साक्षीदार मात्र लाकूड. उत्तर ग्रीनलंडमध्ये झाड नाही, तरी किनाऱ्यावर जुने ओंडके सापडतात. ते सैबेरियाच्या आणि कॅनडाच्या नद्यांनी वाहून आणलेले. मोकळ्या पाण्यात ओंडका काही काळाने बुडतो. एवढा लांबचा प्रवास बर्फावर स्वार होऊनच घडतो. म्हणजे ओंडका मिळाला तर बर्फ होता, आणि ‘फ्राम’सारखाच वाहत होता. लाकूड कोणत्या जातीचे यावरून बर्फ कुठून आला तेही समजते. उलट किनाऱ्यावर लाटांनी रचलेले वाळू-गोट्यांचे बांध असतील, तर तिथे खुला समुद्र होता. बर्फाखाली लाट कुठली? डेन्मार्कचे स्वेंड फुंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली या दोन खुणांवरून दाखविले की, सुमारे साडेआठ ते सहा हजार वर्षांपूर्वी उन्हाळी बर्फ आजच्यापेक्षाही कमी झाला असावा.

शंकेखोराला इथे वाटेल, जिंकलो! पण त्या ओहोटीचे कारण ठाऊक आहे. त्या काळी पृथ्वीचा अक्ष थोडा अधिक कललेला होता आणि उत्तरेच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या आजच्यापेक्षा जवळ असे. आता ती सूर्याजवळ येते ती जानेवारीत. ग्रहगतीच्या हिशेबाने उत्तरेचा उन्हाळा हजारो वर्षे हळूहळू सौम्य होत आला आहे आणि त्याप्रमाणे बर्फ वाढतही आला होता. ऊन कमी झालेले असताना बर्फ आटावा, हे मात्र त्या जमाखर्चात बसत नाही. तिथे दुसरे खाते उघडावे लागते, ते हवेत सोडलेल्या कर्बवायूचे.

आर्क्टिकचा बर्फ आणि मराठी माणूस म्हटले की लोकमान्यांची आठवण व्हायचीच. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात आर्यांचे मूळ वसतिस्थान ध्रुवप्रदेशात होते आणि इसवी सनापूर्वी दहा ते आठ हजार वर्षांच्या सुमारास हिमप्रलयाने ते नष्ट झाले, असे प्रतिपादन आहे. त्यासाठी टिळकांनी त्या काळच्या भूगर्भशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले होते. आजचा गाळ सांगतो की, तो काळ हिमयुग संपण्याचा आहे. त्यापूर्वी सुमारे लाखभर वर्षे तिकडे कडाक्याची थंडीच होती, आणि ध्रुवाकडचा त्याआधीचा सौम्य काळ थेट सव्वा लाख वर्षे मागे जातो. ग्रंथाचा पाया त्यामुळे सुटतो. तरी बर्फाच्या तारखांवर इतिहासाचा निकाल अवलंबून आहे, हे १९०३ साली पुण्यात बसून ओळखणारा माणूस साधा नव्हे.

याच्याही मागे जायचे तर २००४ साली ध्रुवाजवळ समुद्रतळाला भोक पाडून काढलेला गाळ आहे. त्यात ४ कोटी ९० लक्ष वर्षांपूर्वीच्या थरांत अझोला सापडला! आपल्याकडे भातखाचरांत आणि गोठ्याशेजारच्या खड्ड्यांत वाढवितात तोच हिरवा अझोला. त्या काळी ध्रुवसमुद्रावर त्याचा तवंग पसरत असे.

आपलीही माणसे आता या कामात आहेत. गोव्यात वास्को येथे ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिने २००८ साली स्वालबार्डमध्ये ‘हिमाद्री’ हे ठाणे उघडले आणि २०१४ साली तिथल्या खाडीत पाण्याखाली मोजणीयंत्रे नांगरून ठेवली. या संस्थेतील अभ्यासकांनी २०२१ साली असे दाखविले की, रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रात उन्हाळी बर्फ कमी असताना आपल्याकडे सप्टेंबरात अतिवृष्टीचा संभव वाढतो. हातातोंडाशी आलेले सोयाबीन सप्टेंबरच्या पावसाने गमावलेल्या लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला कारा समुद्राचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण जुन्या वह्यांचा हिशेब अखेर त्याच्या बांधापर्यंत येऊन पोहोचतो.

राहिली ती १८७१ ची जहाजे. ती जिथे बुडाली तिथल्या समुद्रावर वर्षाचा बहुतेक काळ बर्फ असे, त्यामुळे त्यांचा शोध घेणे अवघड होते. २०१५ साली किनारा बराच मोकळा सापडला, तेव्हा अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी सोनारने तळ धुंडाळला. दोन जहाजांचे सांगाडे मिळाले: नांगर, खिळे, तळाला भारासाठी भरलेले दगड, आणि देवमाशाची चरबी कढविण्यासाठी विटांनी बांधलेल्या चुली.